हवा कुठून येते

थंडोबा हे नाव त्याला ताईनेच ठेवलं होतं. लहानपणी तो हाक मारल्यावर बऱ्याच वेळाने ओ द्यायचा, म्हणून. पुढे तो लोकांना हवे तसे कॉम्प्युटर बांधून द्यायला लागला. त्यातही तापणारी मशीन थंड ठेवण्यात त्याचा हातखंडा झाला आणि ते नाव धंद्यालाही चिकटलं. गिऱ्हाइकं एकमेकांना सांगायची, "थंडोबाकडे जा, तो काही तापू देणार नाही."

ताई शरीराच्या आतल्या हलत्या चित्रफिती बनवायची. हृदयाची झडप कशी उघडते, गुडघ्याची वाटी कशी सरकते, ते ती कॉम्प्युटरवर घडवायची आणि वर स्वतःच्याच आवाजात समजावून सांगायची. वैद्यकीय कॉलेजांत त्या फिती शिकवायला वापरत. त्यामुळे तिला एकाच खोलीत ताकदही हवी होती आणि शांतताही, आणि या दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नाही.

ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर थंडोबाने कागदावर खोली काढली.

"दोन ग्राफिक कार्डं आणि वर एवढा मोठा प्रोसेसर. सगळं जोरात चाललं की खोलीत हीटर लावल्यासारखं होणार, ताई. दार-खिडकी बंद करून हीटरशेजारी बसणार आहेस का तू?"

"मग तू कशाला आहेस? थंड कर की."

"उष्णता मारून टाकता येत नाही गं. उचलून दुसरीकडे न्यावी लागते. पाणी तिला कार्डांवरून उचलतं आणि रेडिएटरमध्ये आणून सोडतं. पण रेडिएटर खोलीतच असेल तर खोली तापणारच ना?"

ताईचे सासरे खिडकीशी बसून संत्रं सोलत होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस, बोलणं कमी, पण बोलला की टोला. ते म्हणाले, "एवढी उष्णता आहे तर माझं अंघोळीचं पाणी तापवा त्यावर. गॅस वाचेल."

"काका, मग हिचं काम तुमच्या अंघोळीवर अवलंबून राहील."

"मग तर माझं काम कधी अडायचंच नाही," ताई म्हणाली. "आत गेले की बाहेर यायचं नाव नसतं."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. समोरची जुनी इमारत पाडायचं काम चालू होतं. दिवसभर ड्रिलचा आवाज आणि धुळीचे लोट. सगळ्या खिडक्या गच्च बंद ठेवाव्या लागत. ताईच्या खोलीच्या खिडकीवर तर जाड फोमची फळीच बसवलेली होती, आवाज आत येऊ नये म्हणून. खोलीच्या दाराबाहेर छोटा बोळ आणि बोळाच्या टोकाला न्हाणीघर. तिथे गॅसचा गीझर होता. त्याची पत्र्याची नळी भिंतीतून बाहेर जायची. न्हाणीघराच्या झरोक्याला सासऱ्यांनी प्लॅस्टिक लावून टाकलं होतं, कारण त्यांना गार वारा सोसत नसे. थंडोबाने हे सगळं पाहिलं होतं. मोजमापाची फीत हातात घेऊन तो त्या गीझरखालून किती वेळा गेला असेल!

शेवटी ठरलं ते असं. कॅबिनेट टेबलाखाली ठेवायचं. त्यात दोन जाडजूड रेडिएटर, सावकाश फिरणारे मोठे पंखे आणि रबरावर टेकवलेला पंप. रेडिएटरमधून निघणारी गरम हवा एका जाड नळीने बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यायची आणि भिंतीच्या पलीकडे एक दणकट पंखा बसवायचा, जो ती हवा ओढून घराबाहेर फेकेल. आवाज बाहेर, उष्णता बाहेर. पाणी जितकं तापेल तितका तो पंखा जोरात फिरेल. खोलीत ताजी हवा यावी म्हणून थंडोबाने दाराखाली दोन बोटं फट ठेवली आणि तिला आवाज अडवणारी नमद्याची पट्टी अशी लावली की हवा वळसा घेऊन आत येईल. ही फट त्याला स्वतःलाच फार आवडली होती.

मशीन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा ताईने कान टेबलाला लावला. "चालू आहे ना हे?"

"आहे."

"भीतीच वाटते रे. श्वाससुद्धा घेत नाही."

सुरुवातीचे काही आठवडे मशीनवर नजर ठेवता यावी म्हणून थंडोबाने त्यात एक सोय करून ठेवली होती. आपल्या दुकानातून तो ताईच्या मशीनमध्ये शिरू शकत होता, पाण्याचं तापमान पाहू शकत होता, पंखे कमीजास्त करू शकत होता. आकडे इतके सुंदर येत होते की तो ते इतर गिऱ्हाइकांना दाखवायचा.

आठवडा झाला नाही तोच ताईचा फोन आला.

"तुझ्या त्या पाण्यात काय घातलंयस रे?"

"का?"

"डोकं जड होतं. मळमळतं. आणि हसू नकोस, पण त्या खोलीत काम करताना छातीत धडधडायला लागतं. मागे कोणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. मी दोनदा वळून पाहिलं."

थंडोबा हसला नाही. पाण्यात शेवाळ आणि गंज धरू नये म्हणून तो एक द्रव मिसळायचा. तो पोटात गेला तर विषारी होता. कुठे बारीक गळती असेल, तापलेल्या भागावर थेंब पडून वाफ होत असेल, तर? आपल्या हातच्या कामाने बहिणीला विष घातलं की काय, हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना.

तो तडक गेला. मशीन बंद केलं, पुढच्या कामाला उजेड हवा म्हणून खिडकीवरची फळी काढली, खिडकी उघडली. एकेका सांध्याला टिश्यू पेपर लावून पाहिला. सगळे कोरडे. पाण्याची पातळी होती तिथेच. वास नाही, डाग नाही. दुपारभर तो जमिनीवर पालथा पडून होता आणि ताई खुर्चीत बसून चहा पीत होती. तिला अगदी बरं वाटत होतं.

"आता दुखतंय का डोकं?"

"नाही. तू आलास आणि पळालं."

मशीन बंद होतं आणि खिडकी उघडी होती, हे त्या वेळी दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सासरे दारात येऊन उभे राहिले. "मलाही काल अंघोळ करताना गरगरलं. भिंत धरून बसलो जरा."

"तुमचं ब्लड प्रेशर, बाबा. गोळी घेतली होती का?" ताईने विचारलं, आणि विषय गोळीवर गेला.

थंडोबाने विचार केला की खोली कोंदट होत असेल. दार बंद, दिवसभर एक माणूस आत, शिळी हवा. त्यावर उपाय सोपा होता. जाण्यापूर्वी त्याने खिडकी लावून फळी परत बसवली आणि बाहेरच्या पंख्याचा वेग वाढवून ठेवला.

"आता बघ," तो म्हणाला, "कशी मोकळी हवा राहते."

त्यानंतर दोनच दिवसांनी त्याच्या दुकानात एक दंतवैद्य बाई आल्या. पन्नाशीच्या, कडक, बोलण्यात हुकमी. त्यांना घरी कॉम्प्युटरवर विमान उडवायचं होतं. तीन पडदे, वैमानिकाची खुर्ची, सगळा थाट.

"दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मला आकाश पाहिजे. आणि आवाज नको. ड्रिलचा आवाज मी पुरेसा ऐकते."

थंडोबाला त्यांची मागणी आवडली. ताईच्या खोलीसारखाच पंखा त्याने दुकानाच्या खिडकीत फळीवर बसवलेला होता, गिऱ्हाइकांना दाखवायला. "बघा किती शांत आहे," असं म्हणत त्याने रस्त्याचा आवाज नको म्हणून दुकानाचं दार लावून घेतलं आणि पंख्याचा वेग वाढवला.

बाईंनी कान दिला. मान डोलावली. मग नाक मुरडलं.

"गटाराचा वास येतोय."

खरंच येत होता. मागच्या मोरीतून. मोरी वापरात नसल्याने तिच्या जाळीखालचं, वास अडवून धरणारं पाणी सुकून गेलं होतं.

"सॉरी, डॉक्टर. त्याचं काय होतं, खोली बंद असली की पंख्याला हवा कुठून तरी हवीच असते. दारातून नाही मिळाली तर तो मिळेल त्या भोकातून ओढून घेतो, अगदी गटारातून..."

तो थांबला. तोंड उघडंच राहिलं.

दाराखालच्या फटीतून ताईच्या खोलीत हवा येते ती बोळातून. आणि बोळात? घराच्या सगळ्या खिडक्या बंद. झरोक्याला प्लॅस्टिक. त्या आख्ख्या घराला बाहेर उघडणारं एकच भोक उरलं होतं. गीझरची नळी.

जळलेल्या गॅसची हवा बाहेर जायची नळी. त्याचा पंखा तीच हवा उलटी घरात ओढत होता. त्या हवेला ना वास, ना रंग. आणि त्याने वेग वाढवून ठेवला होता.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

तो ताईला फोन लावत होता. रिंग जात होती, जात होती, आणि बंद झाली. पुन्हा लावला. भावोजी कारखान्यात होते, तिथे फोन बाहेर कपाटात ठेवून आत जावं लागे. तरी त्यांनाही लावला. घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे, आणि त्यांनी फोन कधी उचलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवरून ताईच्या मशीनमध्ये प्रवेश केला. दोन्ही कार्डं पूर्ण ताकदीने चालली होती. कसली तरी मोठी फीत बनत होती. बाहेरचा पंखा शंभर टक्के. त्याने आधी तो पंखा बंद केला. मग चाललेलं काम तोडलं. मग त्याला ताईचा मायक्रोफोन सुचला. पापणी लवली तरी ऐकू येईल असला तो माइक होता. त्याने तो चालू केला आणि आवाज दुकानातल्या स्पीकरवर घेतला.

आधी काहीच नाही. मग लांबून, दाराच्या पलीकडून, पाणी पडल्याचा आवाज. एकसारखा. बादली भरून वाहत असावी तसा. आणि अगदी जवळ, माइकच्या तोंडाशीच, कोणाचा तरी श्वास. जड, घरघरता, मध्येच थांबणारा.

बाई उठून त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "कोण आहे ते?"

"माझी बहीण. घरात गीझरचा गॅस भरलाय."

"तुम्ही रुग्णवाहिकेला पत्ता सांगा," असं म्हणून बाईंनी स्वतःचा फोन त्याच्या हातात कोंबला आणि त्याची खुर्ची बाजूला ढकलली. "आणि मला सांगा, हिच्याशी बोलायचं कुठून?"

त्याने आपला माइक ताईच्या मोठ्या स्पीकरांना जोडून दिला. स्वतःच पहिल्यांदा ओरडला. "ताई! ताई, ऊठ! खिडकी उघड!"

श्वास अडखळला. मग अगदी झोपाळू, लहानपणी शाळेला उठवताना यायचा तसा आवाज आला. "थांब ना रे... उठते..."

"ताई, गॅस भरलाय! दार उघडून बाहेर जा!"

"बाबा... अंघोळीला गेलेत..."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज, आणि त्यानंतर फक्त लांबचं पाणी.

रुग्णवाहिकेच्या माणसाला पत्ता सांगताना थंडोबाची जीभ दोनदा अडकली. आपल्याच बहिणीचा मजला त्याने आधी दुसरा सांगितला. फोन परत देताना त्याने बाईंकडे पाहिलं. त्या माइकवर वाकल्या होत्या, आणि आयुष्यभर घाबरलेल्या माणसांना खुर्चीत बसवून ठेवणारा त्यांचा तो हुकमी आवाज लागला होता.

"हे बघा, मी डॉक्टर बोलतेय. झोपायचं नाही. अजिबात झोपायचं नाही. डोळे उघडा. आता गुडघ्यांवर या. उभं राहायचं नाही, रांगायचं. मोठा आ करा... म्हणजे, श्वास घ्या. ऐकताय ना? आवाज करून दाखवा मला. तुम्ही जा हो!" हे शेवटचं त्याला होतं.

तो स्कूटरवर बसला. तिच्या घरापर्यंतचा रस्ता रोजचाच, डोळे मिटून जाईल असा. पण त्या दिवशी त्याला प्रत्येक वळण नवीन वाटलं. समोर कोणी आडवं आलं की तो ओरडत होता, काय ते त्यालाही कळत नव्हतं. सारखं तेच डोळ्यांपुढे येत होतं. "आता बघ, कशी मोकळी हवा राहते." कसल्या ऐटीत म्हणाला होता तो!

तिसऱ्या मजल्यावर ताईच्या घराचं दार वीतभर उघडं होतं आणि उंबऱ्यावर ताईचा हात पडलेला होता. मग हाताची बोटं हलली.

त्याने तिला काखेत धरून ओढत बाहेर जिन्यापाशी आणलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण ओळख पटायला वेळ लागला. "कोणीतरी बाई ओरडतेय घरात," ती म्हणाली. घरातून खरंच दंतवैद्य बाईंचा आवाज येत होता. "रांगत राहा! दाराशी पोचलात का? मला उत्तर द्या!"

वरच्या मजल्यावरचा शेजारी आवाज ऐकून खाली येत होता. "हिला धरा, उघड्यावर न्या," एवढं सांगून थंडोबाने छाती भरून श्वास घेतला आणि आत शिरला.

बैठकीतली खिडकी उघडली. बोळात गेला. न्हाणीघराच्या दाराखालून पाणी बाहेर येत होतं आणि आत गीझर घरघरत होता. सिलिंडर स्वयंपाकघरात होतं. त्याचा कॉक बंद करून तो परत आला तोवर छातीतली हवा संपली होती. खिडकीशी धावला, बाहेर डोकं काढून पुन्हा श्वास भरला, पुन्हा बोळात आला. दार आतून बंद. "काका!" अशी हाक मारण्यात श्वास घालवायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने खांदा मारला. दुसऱ्या धक्क्याला कडी उखडली.

सासरे पाटावर बसले होते, पाठ भिंतीला टेकलेली, मान एका बाजूला. बादलीतून पाणी वाहत होतं. त्यांचे गाल गुलाबी होते. थंडीतून फिरून आलेल्या मुलासारखे. म्हाताऱ्या चेहऱ्यावरचा तो गुलाबी रंग थंडोबा पुढे कधी विसरला नाही. त्याला वाटलं, बरे आहेत. मग त्याने हात लावला तर मान लुळी खाली आली.

शेजाऱ्याने पाय धरले, त्याने खांदे धरले, आणि दोघांनी त्यांना टॉवेलात गुंडाळून जिन्यात आणलं. त्यांची छाती हलते आहे की नाही ते थंडोबाला समजेना. त्याने कान लावला तर स्वतःच्याच काळजाचे ठोके ऐकू येत होते. रुग्णवाहिकेच्या माणसांनी येऊन त्यांच्या तोंडावर मास्क लावला तेव्हाही त्याला विचारायची हिंमत झाली नाही.

"आहेत," त्यातला एक जण त्याच्याकडे बघून म्हणाला. "पण बरंच गेलंय आत."

दवाखान्यात ताईला नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क लावून बसवलं होतं. सासऱ्यांना आत नेलं होतं. भावोजी कारखान्यातून आले ते तसेच, डोक्यावरचं हेल्मेटही काढायचं राहिलेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी त्यांना कार्बन मोनॉक्साइड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. रक्त प्राणवायू उचलायचा सोडून तोच उचलतं, म्हणाल्या.

"गीझर जुना झाला होता," भावोजी म्हणाले. "मी बदलायचा बदलायचा म्हणत होतो. माझीच चूक."

थंडोबाला तेवढ्यावर सुटता आलं असतं. पण तो म्हणाला, "गीझर नाही, भावोजी. माझा पंखा."

त्याने सगळं सांगितलं. नळी, फट, बंद खिडक्या, वाढवलेला वेग. सांगताना त्याने जमिनीकडे पाहिलं. भावोजींनी हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं, आणि ते उठून आतल्या दाराच्या काचेपाशी जाऊन उभे राहिले. तिथून ते बराच वेळ हलले नाहीत.

ताईने मास्क बाजूला केला. "मी तुला म्हटलं होतं ना, मागे कोणीतरी उभं असतं."

"ताई..."

"मला खरंच वाटत होतं रे. मी रोज घाबरत होते आणि रोज त्याच खोलीत जाऊन बसत होते. वेडी झाले असं वाटत होतं मला." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "वेडी नव्हते ना मी?"

"नव्हतीस गं."

तिने त्याचा हात धरला, पण रागही होता त्या धरण्यात. नखं रुतेपर्यंत दाबला.

सासरे वाचले. शुद्धीवर आले, बोलायला लागले, पण पहिल्यासारखे झाले नाहीत. हाताला कंप राहिला. रेघ मारायला गेले की पेन्सिल भलतीकडे जायची. कधी बोलता बोलता शब्द हरवायचा, मग ते चिडून हवेत त्या वस्तूचा आकार काढून दाखवायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या की हळूहळू सुधारेल, किती ते सांगता येत नाही.

भिंतीतलं भोक थंडोबाने सिमेंटने बुजवलं. विजेचा गीझर बसवून घेतला, झरोक्याचं प्लॅस्टिक काढलं, बोळात हवा तपासणारं यंत्र लावलं. मशीन बैठकीत आलं. तिथे ते घरघरतं आणि ताईला आवाज भरायचा असला की बंद ठेवावं लागतं. तिने त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही. दंतवैद्य बाईंचं मशीन त्याने बांधून दिलं, पण त्याआधी त्यांच्या घरातली प्रत्येक खिडकी आणि प्रत्येक नळी स्वतः पाहिली, आणि खोलीतून हवा बाहेर काढायचा पंखा बसवायला साफ नकार दिला. "तापलं तर तापू दे," तो म्हणाला. बाईंनी वाद घातला नाही.

भावोजी त्याच्याशी बोलतात. कामापुरतं.

सासरे घरी आल्यावर अंघोळीलाच जाईनात. ताईने समजावलं, भावोजींनी समजावलं. दार लावायचं म्हटलं की ते बोळातच थांबायचे. शेवटी एक दिवस त्यांनी थंडोबाला निरोप पाठवला. तो घाबरतच गेला. आता काय ऐकावं लागणार, ते त्याला ठाऊक नव्हतं.

ते टॉवेल खांद्यावर टाकून बोळात उभे होते. "तू इथे बस," ते म्हणाले, आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. बोट थरथरत होतं. "मी आत असेपर्यंत बोलत राहायचं. काहीही बोल. मी उत्तर देईन. नाही दिलं तर..."

"दार तोडेन, काका."

"कडी लावतच नाही मी आता."

तेव्हापासून थंडोबा सकाळी दुकान उघडण्याआधी तिथे जातो. स्टुलावर बसतो आणि बोलतो. कोणत्या गिऱ्हाइकाने काय मागितलं, कोणाचा पंप कसा बिघडला. आतून पाण्याचा आवाज येतो, मधूनमधून हुंकार येतो. कधी कधी तांब्या थांबतो आणि हुंकार येत नाही, बहुतेक ते साबण लावत असतात. तेवढ्यात थंडोबाचं बोलणं तुटतं. तो उठून उभा राहतो, तळहात दाराला लावतो आणि श्वास रोखून ऐकत राहतो.

"काका?"

"आहे रे," आतून आवाज येतो. "बोल पुढे."